दुसऱ्याचे बोलणे

इंग्रजी पाचवी-सहावीच्या वर्गातील एक वाक्य घ्यावे. “आई म्हणाली की मी उद्या पैठणला जाणार आहे.” औरंगाबादेतील कोणत्याही घरात हे वाक्य ऐकू येईल, आणि पैठणला कोण जाणार याविषयी कोणाच्याही मनात शंका येणार नाही. आता एखादा हुशार मुलगा याचे शब्दशः इंग्रजी करतो : ‘मदर सेड दॅट आय अ‍ॅम गोइंग टु पैठण टुमॉरो.’ वाक्य व्याकरणाने सुटसुटीत आहे, स्पेलिंगही बिनचूक आहे. मात्र आई घरीच राहिली आणि मुलगा पैठणला निघाला! मास्तर तांबडी रेघ ओढतात आणि नियम पाठ करावयास सांगतात : पुरुष बदला, काळ बदला, ‘टुमॉरो’च्या जागी ‘द नेक्स्ट डे’ लिहा. मुलगा पाठ करतो, परीक्षेत गुण मिळवितो, आणि पुढे जन्मभर हा विषय म्हणजे निरर्थक कोष्टकांचा खेळ होता असे समजतो.

वस्तुतः ही तीन कोष्टके एकाच गोष्टीतून निघाली आहेत. दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठी माणूस मूळ बोलणाराला आपल्या जागी उभे करून त्याच्याच तोंडून बोलवितो. इंग्रज मात्र ते बोलणे आपल्या जागेवरून सांगतो. सांगणाऱ्याच्या जागेवरून आई ही ‘ती’ आहे, तिचे बोलणे होऊन गेलेले आहे, आणि तिचा ‘उद्या’ हा कदाचित कालचा दिवसही असेल. एवढे ध्यानात आले की कोष्टकांची गरज उरत नाही. पाणचक्कीवर कोणी म्हणाला, “इथे गारवा आहे.” तेच बोलणे पाणचक्कीवरच उभे राहून सांगावयाचे तर ‘हिअर’ हा शब्द तसाच राहतो, गुलमंडीत येऊन सांगावयाचे तर तो ‘देअर’ होतो. ‘हिअर’चे ‘देअर’ करावे, हा नियम म्हणून अर्धाच खरा. पुष्कळ शालेय पुस्तके तो पुरा खरा म्हणून शिकवितात, हे बरे नव्हे.

मराठीच्या या सवयीला फार जुने कारण आहे. पोथीत अवतरणचिन्हे नसत. विरामचिन्हे मराठीत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्या खटपटीने. तोवर बोलणे कोठे संपले हे भाषेलाच सांगावे लागे. संस्कृतात ते काम ‘इति’ करी. मराठीत ‘असे’ आणि ‘म्हणून’ करतात. ‘येतो म्हणून सांगून गेला’ या वाक्यातील ‘म्हणून’ हे चालतेबोलते अवतरणचिन्हच होय. मराठवाड्याच्या शेजारी कानडीत ‘एंदु’ आणि तेलुगूत ‘अनि’ हीच चाकरी करतात, आणि तेही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंपासूनच झाले आहेत. वाक्याच्या मध्ये येणारा ‘की’ फारसीच्या सहवासाने रुळला, असे अनेक अभ्यासक मानतात.

१९४८ पर्यंत हे शहर हैदराबाद संस्थानात होते. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. ‘कवायदे उर्दू’ लिहिणारे मौलवी अब्दुल हक याच शहरात बरीच वर्षे राहिले, आणि त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय १९३८ साली दिल्लीस जाईपर्यंत येथेच होते. घरी मराठी आणि शाळेत उर्दू शिकणाऱ्या त्या पिढीला या प्रकरणात उर्दूचा मुळीच अडथळा झाला नसेल, कारण ‘उसने कहा कि मैं आऊँगा’ यात ‘मैं’ हा बोलणाराच असतो. अडखळायचे ते इंग्रजीत.

मराठीला दुसरी रीत येतच नाही, असे मात्र नव्हे. “आपण निर्दोष आहोत, असे आरोपीने सांगितले.” येथे ‘मी’ गेला आणि ‘आपण’ आला, हा ‘आपण’ म्हणजे सांगणारा नव्हे, ऐकणाराही नव्हे, तर आरोपी. इंग्रजीच्या ‘ही’पेक्षा हा शब्द पुष्कळ नेमका आहे. काळ तेवढा वर्तमानच राहिला. आज्ञेच्या बाबतीत तर दोन्ही भाषा शेजारी येऊन बसतात : ‘त्याने मला यायला सांगितले’ आणि ‘ही टोल्ड मी टु कम’. म्हणून तेथे मुले सहसा चुकत नाहीत. चुकतात ती प्रश्नात. ‘त्याने विचारले की तू कोठे चाललास’ यातला ‘की’ इंग्रजीत ‘दॅट’ होऊन घुसतो, आणि प्रश्नाचा उलटा क्रमही तसाच राहतो.

हा विषय परीक्षेपुरता असता तर त्याची एवढी चर्चा नको होती. पण १९८१ साली मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ या शहरात सुरू झाले. २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, तरी त्या न्यायालयाची भाषा इंग्रजीच आहे. जिल्ह्यातील साक्षीदार मराठीत बोलतो, खाली ते मराठीत उतरते, आणि अपिलात त्याचे इंग्रजी भाषांतर वाचले जाते. समजा, साक्षीदार म्हणाला : “आरोपी माझ्या भावाला म्हणाला की जमीन सोडली नाहीस तर मी तुला पाहून घेईन.” भाषांतरकाराने ‘मी’चा ‘आय’ केला तर धमकी देणारा साक्षीदारच ठरतो. ‘पाहून घेईन’चे ‘सी’ केले तर धमकीच नाहीशी होते, आणि कोणी कोणास भेटावयाचे एवढेच उरते.

बरे, नियमाप्रमाणे पुरुष बदलावा तर इंग्रजीची स्वतःची अडचण पुढे येते. आरोपी ‘ही’ आणि भाऊही ‘ही’. ‘द अक्यूज्ड टोल्ड द ब्रदर दॅट ही वुड लूज हिज लँड’ या वाक्यात जमीन कोणाची जाणार? मराठीच्या ‘मी’ आणि ‘तू’ यांनी जे स्वच्छ ठेवले होते, ते येथे गढूळ झाले. अशा ठिकाणी शहाणा भाषांतरकार कथन फिरवीत बसत नाही. साक्षीदाराने सांगितलेले शब्द तो अवतरणचिन्हांत जसेच्या तसे इंग्रजीत घालतो, आणि ‘पाहून घेईन’ हे मूळ मराठी शब्द कंसात शेजारी ठेवतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या वकिलांना त्यांच्या अर्थावर उघड वाद घालता येतो.