दोष पंपाचा की तारेचा?



आपल्या संगमनेर परिसरात मोटारसायकल ही चैन राहिलेली नाही. दुधाचे कॅन, बियाणे, कॉलेजची ये-जा सारे तिच्यावर चालते. ती चंदनापुरी घाटात बंद पडली, की घरचा दिवस बुडतो. त्यात चांगला पंप विनाकारण बदलला गेला, तर कष्टाचे पैसेही जातात. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

पुण्याच्या बजाज कंपनीने 2007 साली पल्सर 220 मध्ये फ्युएल इंजेक्शन आणले आणि 2009 साली त्याच गाडीला पुन्हा कार्बुरेटर बसवला. परंतु 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत इंजेक्शन आले. पूर्वी पेट्रोल टाकीतून आपोआप खाली उतरत असे. आता ते विजेचा पंप दाबाने ढकलतो. म्हणून पेट्रोल न येण्याचे कारण पुष्कळदा विजेत सापडते.

तपासणी क्रमाने करावी. चावी लावून किल स्विच चालू करा आणि टाकीजवळ कान द्या. पंप दोन-तीन सेकंद गुणगुणला पाहिजे. आवाज नसेल, तर आधी बॅटरी पाहा. भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. मग फ्यूज, रिले आणि शेवटी पंपाचा कपलर.

इथेच फसगत होते. कपलर काढून मीटर लावला, तर गंजलेल्या तारेतूनही 12 व्होल्ट दिसतात आणि पंपावर खापर फुटते. याचे कारण शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमात आहे. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. पंप मात्र, समजा, 3 अँपिअर घेतो. जोडात 1 ओहमचा रोध असेल, तर 3 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. तेव्हा कपलर जोडलेला ठेवून, पंपाला वीज मिळते त्या दोन-तीन सेकंदांतच व्होल्टेज मोजावे. अर्थची बाजूही तशीच तपासावी. दोन्ही बाजू ठीक असूनही पंप फिरला नाही, तरच तो खराब म्हणावा.

पंप फिरतो, पण गाडी सुरू होत नाही, तेव्हा पेट्रोलचा दाब, स्पार्क आणि इंजेक्टरला मिळणारा इशारा पाहावा. इंजेक्टरसाठी छोटा एलईडी टेस्टर वापरावा. मोठ्या बल्बने ईसीयू जळण्याचा धोका असतो. तारेला तार लावून ठिणगी पाहण्याची सवय सोडा. जवळ पेट्रोल आहे, हे विसरू नका.

उंदरांनी कुरतडलेली वायर, धुताना कपलरमध्ये शिरलेले पाणी, जादा लाइटसाठी सोललेली तार ही कारणे लहान असतात. ती शोधायला मीटर आणि थोडा धीर पुरतो.

विद्यार्थी मित्रहो, नवा पार्ट बसवणे कोणालाही जमते. तो का बसवला, हे ग्राहकाला मीटरवर दाखवू शकणारा कारागीरच विश्वास कमावतो. तुम्ही असे कारागीर व्हावे, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.