गावचे दप्तर आणि गावचे प्रदर्शन



शाळेचा शतकमहोत्सव असो वा ग्रामपंचायतीचा वर्धापनदिन, अशा प्रसंगी गावच्या इतिहासाचे प्रदर्शन भरविले जाते. तलवारी, नाणी व वाड्यांची छायाचित्रे मांडली जातात. जुने मोडी कागदही काचेखाली ठेवले जातात. परंतु ते पाहिले जातात, वाचले जात नाहीत. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्याने कोणाचे आयुष्य बदलले, हे सांगितल्याविना प्रदर्शन ही केवळ शोभा ठरते.

पुणे जिल्ह्यातील सुपे या गावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १२ मे १८७५ रोजी तेथील बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठली. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. हाती लागलेले कागद त्यांनी जाळले. पुढे ही लाट पुणे व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरली. अमेरिकेतील यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले आणि कर्ज सहज मिळू लागले; युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास ठरलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपून १८६७ मध्ये आकारणी वाढली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्यामागील व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार मिळाला.

या विषयावर प्रदर्शन मांडावयाचे झाल्यास जमीनमोजणीचा नकाशा, साऱ्याची नोंद, त्या काळातील एखादा कर्जरोखा आणि आयोगाच्या अहवालातील उतारा एका ओळीत ठेवता येईल. रोख्याखाली सावकाराचे वळणदार अक्षर दिसते. ज्यास लिहिता येत नसे त्या कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असते. ती इवलीशी खूण मोठी करून भिंतीवर लावली, तर शाळकरी मुलालाही कळेल की अक्षर कोणाच्या हाती होते आणि कर्ज कोणाच्या डोक्यावर. जे कागद जळाले त्यांच्यासाठी एक चौकट मोकळी ठेवावी. नसलेला कागद हाही पुरावाच होय.

या कामास मोठा खर्च लागत नाही. शिस्त मात्र लागते. मूळ कागद प्रदर्शनात न ठेवता त्याची छायाप्रत ठेवावी, कारण प्रखर प्रकाशाने शाई फिकी होते व कागद ठिसूळ बनतो. मूळ कागदास चिकटपट्टी वा टाचणी लावू नये. मोडी मजकुराखाली त्याचे बाळबोध वाचन आणि सोपा अर्थ द्यावा; जो शब्द लागला नाही तेथे अंदाज न बांधता जागा रिकामी सोडावी. प्रत्येक प्रतीखाली तारीख, मूळ कागद कोठे आहे व कोणाच्या परवानगीने घेतला, हे नमूद करावे. पुराभिलेख संचालनालयाची पुणे, कोल्हापूर, नागपूर आदी ठिकाणची अभिलेखागारे, तसेच १९१० मध्ये स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्या संग्रहांचा शोध घेता येईल. शिवाय शाळेची जुनी रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या आणि घराघरांतील पेट्याही आहेतच.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. सावकाराचे वंशज आणि ऋणकोचे वंशज आजही एकाच गावात नांदत असतील. दप्तरात जातीचे उल्लेख येतात, हलकी विशेषणे येतात. ते दडवू नयेत. परंतु कोणा कुटुंबास बोट दाखविण्यासाठीही मांडू नयेत. प्रदर्शनाआधी संबंधित घरांतील वडीलधाऱ्यांना प्रती दाखवाव्यात, त्यांचे म्हणणे ऐकावे व तेही नोंदवावे.

ज्या गावकऱ्याच्या पूर्वजाचे नाव दप्तरात केवळ थकबाकीदार म्हणून आले, त्याला त्या भिंतीपुढे उभे राहून आपल्या घराण्याच्या कष्टांची साक्ष वाचता आली, तर ते प्रदर्शन सार्थकी लागले असे समजावे.