हाली, कलदार आणि स्थिरांक

परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा इथे दोन रुपये ओळखीचे होते: निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. सहा कलदारांना साधारण सात हाली. नाव दोघांचेही रुपयाच. पण नुसते नाव पाहून हिशेब करणारा बुडायचा. संगणकाच्या एका भाषेतला आकडा दुसरीत नेताना असेच होते.

समजा, पिकाच्या शिवारातून किती पाणी उडून जाते, याचे गणित तुम्हाला फोर्ट्रान भाषेत मांडायचे आहे. १९७२ पासून कृषी विद्यापीठ असलेल्या परभणीला हा प्रश्न परका नाही. गणिताला स्टेफान-बोल्ट्झमान स्थिरांक लागतो. सी भाषेत लिहिलेल्या ग्नू सायंटिफिक लायब्ररीत तो तयार मिळतो. मग लायब्ररी जोडली की झाले, असे तुम्ही म्हणाल. तिथेच गाडी अडते, बरं का! लायब्ररीतली फंक्शने नावानिशी यंत्रभाषेत बसलेली असतात. त्यांना बाहेरून हाक मारता येते. स्थिरांक मात्र हेडर फाइलमधली नुसती सूचना आहे: हे नाव दिसले की तिथे हा आकडा लिही. सीचा कंपायलर ती सुरुवातीलाच पाळून मोकळा होतो. तयार लायब्ररीत ते नाव उरतच नाही. फोर्ट्रान शोधणार काय?

यावर सीमध्ये तो आकडा परत देणारे दोन ओळींचे फंक्शन लिहावे आणि फोर्ट्रानमधून ते बोलवावे. आकडा हाताने उतरवताही येतो, पण मला ते तितकेसे पसंत नाही. शेवटचे ‘डी शून्य’ लिहायचे राहिले, तर फोर्ट्रान सहसा सातच अंक खरे धरतो, आणि तक्रारही करीत नाही.

एककाचे तर विचारूच नका. लायब्ररीच्या एम. के. एस. फाइलमध्ये हा स्थिरांक ५.६७ गुणिले १० चा उणे आठवा घात, म्हणजे वॅटमध्ये आहे. खाद्य व कृषी संघटनेच्या १९९८ च्या सूत्रात तोच ४.९०३ गुणिले १० चा उणे नववा घात आहे, कारण तिथे दिवसाचे मेगाज्यूल मोजतात. अदलाबदल झाली, की जमिनीतून बाहेर जाणारी उष्णता सुमारे साडेअकरा पट दिसते.

आणखी एक. प्लांकच्या स्थिरांकाचे अंक २० मे २०१९ पासून ६.६२६०७०१५ असे कायमचे ठरले. जुन्या हेडर फाइलमध्ये ६.६२६०६८९६ आढळतात. तुमच्या फाइलमध्ये कोणते आहेत, ते उघडून पाहा.