छायाचित्राची मागची बाजू



शाळेच्या स्मृतिव्याख्यानात अमेरिकेतील बेसबॉलच्या जुन्या छायाचित्रांचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. पुरावा कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये, हे ही छायाचित्रे फार चांगले शिकवतात, म्हणून तो निवडला आहे.

वर्ल्ड सिरीज ही अमेरिकेतील बेसबॉलची सर्वोच्च मालिका. 1919 मध्ये शिकागोचा बलाढ्य व्हाइट सॉक्स संघ तीत सिनसिनाटीकडून 5-3 असा हरला. जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन काही खेळाडूंनी सामने मुद्दाम घालवल्याचे 1920 च्या सप्टेंबरात उघड झाले. खटल्यातील खेळाडूंना 2 ऑगस्ट 1921 रोजी ज्यूरीने निर्दोष सोडले. मात्र दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांनी आठ खेळाडूंना खेळातून कायमचे बहिष्कृत केले.

या आठ जणांच्या छायाचित्रांना आज संग्राहकांत मोठी मागणी आहे. जाणता संग्राहक छायाचित्र हाती येताच आधी ते उलटे करून पाहतो. मागे वृत्तसंस्थेचा शिक्का असतो, छापल्याची तारीख असते, मजकुराची चिकटवलेली चिठ्ठी असते. मूळ निगेटिव्हवरून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली प्रत सर्वांत मोलाची मानली जाते. अतिनील प्रकाशात कागद निळसर चमकला, तर त्यात शुभ्रता आणणारी रसायने आहेत आणि तो बहुधा 1950 च्या दशकातील किंवा त्यानंतरचा आहे, हे कळते. असोसिएटेड प्रेसची तारेने चित्रे पाठवण्याची सेवा 1935 मध्ये सुरू झाली. तिचा शिक्का असलेली प्रत 1919 ची असणे शक्यच नाही.

एवढी कसोटी लावल्यावर हाती काय येते? कागदाचे वय. माणसाचा अपराध नव्हे!

जो जॅक्सनचेच पाहा. त्याने 5,000 डॉलर घेतल्याचे सांगितले. पण त्याच मालिकेत त्याने 12 यशस्वी फटके मारले होते. बक वीव्हरने पैसे घेतले नाहीत, मात्र कटाची माहिती असून तो गप्प राहिला. दोघांनाही शिक्षा एकच झाली. छायाचित्रांतील त्यांच्या चेहऱ्यांवर या फरकाची एक रेषाही दिसत नाही. तरीही पाहणारा म्हणतो, “डोळ्यांतच लबाडी दिसते.” ती लबाडी डोळ्यांत नसते, चित्राखालच्या ओळीत असते. वृत्तपत्रे आपल्या संग्रहातील तीच ती प्रत वर्षानुवर्षे वापरीत. चेहरा तोच राही, त्याखालचा मजकूर तेवढा बदले.

आणखी एक गोष्ट मनाला चटका लावते. जॅक्सन निरक्षर होता. त्याच्या नावाच्या सह्या बहुधा त्याची पत्नी करी. त्यामुळे त्याच्या स्वतःच्या हातची सही अतिशय दुर्मीळ आहे. 1911 मधील अशा एका स्वाक्षरीयुक्त छायाचित्राला 2021 च्या लिलावात 14 लाखांहून अधिक डॉलर मिळाले. ज्याला आपले नाव कष्टाने गिरवावे लागे, त्याच्या नावाला ही किंमत आली. तो स्वतः 1951 मध्येच निवर्तला होता. पुढे 2025 च्या मे महिन्यात, मृत्यूबरोबर बहिष्कार संपतो, असा निर्णय बेसबॉलच्या कमिशनरांनी दिला आणि आठही नावे त्या यादीतून निघाली. चित्रे होती तशीच राहिली. मागच्या बाजूस एका तारखेची भर पडली, एवढेच.

म्हणून संग्राहकाचा खरा धर्म दोन गोष्टींत आहे. जे लिहिलेले आहे ते पुसू नये, आणि जे चित्रात नाही ते त्यात वाचू नये. न्याय करण्याची घाई झालेल्या समाजालाही हा नियम लागू पडावा.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. आपापल्या घरी शाळेची जुनी समूहचित्रे असतील. ओळखणारी माणसे आहेत तोवर त्यांमागे मऊ पेन्सिलीने नावे आणि साल लिहून ठेवा. विशेषणे लिहू नका. ती पुढच्या पिढीला ठरवू द्या.