‘कॉम्रेड’ शब्दाची खोली

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



आपण परस्परांना ‘साथी’ म्हणतो, कम्युनिस्ट मित्र ‘कॉम्रेड’ म्हणतात. आज मी त्या दुसऱ्या शब्दाचे कूळ सांगणार आहे. कारण ते कूळ आपणा दोघांनाही एक अडचणीचा प्रश्न विचारते.

लॅटिनमध्ये ‘कामेरा’ म्हणजे कमानदार छत आणि पुढे खोली. लॅटिनने हा शब्द ग्रीकमधून घेतला. छायाचित्राच्या यंत्राचे ‘कॅमेरा’ हे नाव ‘अंधारी खोली’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगावरून आले. न्यायालयातील ‘इन कॅमेरा’ सुनावणी म्हणजे बंद खोलीतील सुनावणी. पोर्तुगीजांच्या ‘कामारा’चा हिंदीत ‘कमरा’ झाला.

स्पॅनिशमध्ये ह्याच शब्दापासून ‘कामारादा’ निघाला. त्याचा अर्थ आधी एका खोलीत राहणारी तुकडी आणि मग त्या तुकडीतील सोबती. फ्रेंचमार्गे तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समाजवाद्यांनी तो आपलासा केला. कारण त्या संबोधनात मालक-चाकर ही उतरंड नव्हती.

परंतु एका छपराखाली राहिल्याने समता येतेच असे नाही. सैनिकांची बराकही एका छपराखालीच असते. इटलीत फॅसिस्टांनी ‘कामेराता’ हेच संबोधन वापरले. तेथील डाव्यांनी ‘कोम्पान्यो’ हा शब्द जपला. त्याच्या पोटात लॅटिन ‘पानिस’ म्हणजे पाव आहे. कोम्पान्यो म्हणजे एका भाकरीतला वाटेकरी.

आता आपल्या गिरणगावाकडे वळू. परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत दहा-पंधरा गिरणी कामगार राहत, पाळीपाळीने झोपत. शब्दशः अर्थ घेतला तर त्यांच्याहून खरे ‘कॉम्रेड’ कोण? पण ह्या खोल्या बहुधा एका गावच्या आणि एका जातीच्या असत. खोलीच्या दाराशी जात उभीच होती. गिरणीतही ती होती. धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या भीतीने अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात शिरू दिले जात नसे, आणि अधिक मजुरी त्याच खात्यात होती. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय दूर करण्याचा आग्रह संपाच्या पुढाऱ्यांपुढे धरला. संप मालकांविरुद्ध होता. हा प्रश्न मात्र कामगारांनी स्वतःलाच विचारायचा होता.

म्हणून व्युत्पत्ती ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे. आपला ‘साथी’ हा शब्द संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा ह्यावरून आला आहे. एका वाटेने चालणारा तो साथी. पण तांड्यातील पाण्याला हात कोणी लावायचा, मुक्कामी पंगतीत कोणी बसायचे, हे त्या शब्दाने ठरत नाही. ते आपल्या वागण्याने ठरते.

उद्या सभेत शेजारच्या माणसाला ‘साथी’ म्हणाल, तेव्हा मनाला एवढेच विचारा : आपल्या गावातली, आपल्या इमारतीतली खोली त्याला भाड्याने मिळेल काय? मिळत नसेल, तर शब्द लॅटिन असो की संस्कृत, तो अजून पोकळच आहे. त्याला खोली आपणच द्यायची आहे.