कॅनडाचं राजकारण पाठ, आपल्या 822 कोटींचं काय?

आजचा एपिसोड एका व्हॉट्सॲप ग्रुपमुळे सुचला. आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचा ग्रुप. निम्मे पुण्यात, पाच-सहा कॅनडात, बाकी आम्ही इथेच, छत्रपती संभाजीनगरात. जानेवारी 2025 मध्ये ट्रुडोंनी राजीनामा जाहीर केला, तेव्हा ग्रुपवर रात्री दोनपर्यंत चर्चा. मार्चमध्ये कार्नी आले, एप्रिलमध्ये निवडणूक झाली, लिबरल पार्टीला बहुमत थोडक्यात हुकलं. हे सगळं आमच्या सिडकोतल्या पोरांना तोंडपाठ. साहजिक आहे म्हणा. कुणाचा स्टडी परमिट अडकलेला, कुणाच्या बहिणीचा पीआर.

मग मी ग्रुपवर एक प्रश्न टाकला. आपल्या शहराच्या नावावर पाण्याच्या योजनेसाठी किती कर्ज आहे, सांगा. निळ्या टिका सगळ्यांच्या आल्या, उत्तर एकाचंही नाही. खरं सांगायचं तर आदल्या आठवड्यापर्यंत मलाही माहीत नव्हतं.

आकडा आहे 822 कोटी. कसा आला ते सांगतो. जायकवाडीतून शहरासाठी नवीन पाणीपुरवठा योजना मंजूर झाली तेव्हा ती 1680 कोटींची होती. डिसेंबर 2020 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. मे 2022 मध्ये, विरोधात असताना देवेंद्र फडणवीसांनी याच पाण्यासाठी शहरात जल आक्रोश मोर्चा काढला. पुढे योजना केंद्राच्या अमृत 2.0 मध्ये गेली आणि किंमत झाली 2740 कोटी. त्यात महापालिकेचा वाटा 30 टक्के, म्हणजे 822 कोटी. पालिकेकडे एवढे पैसे कुठून येणार? म्हणून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हुडकोच्या कर्जातून ही रक्कम द्यायला मंजुरी दिली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. भागाकार करा. माणशी जवळपास 7 हजार रुपये, लहान बाळ धरून.

आता माझा मुद्दा. योजनेला विरोध नाही, अजिबात नाही. आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. मागच्या उन्हाळ्यात मी क्लायंट कॉलवर कॅमेरा बंद करून टँकरवाल्याशी भांडत होतो आणि माइक चालू राहिला होता. पाणी पाहिजेच. पण योजना 1680 वरून 2740 वर गेली आणि हे कर्ज ठरलं, तेव्हा शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. एप्रिल 2020 मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या कोर्टकेसेस. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या असं बजावलं आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मधली पावणेसहा वर्षं प्रशासक. बजेट आयुक्तांनीच मांडायचं, मंजूरही त्यांनीच करायचं. कोडच्या भाषेत सांगायचं तर स्वतःचा पुल रिक्वेस्ट स्वतःच अप्रूव्ह केल्यासारखं. माणूस कितीही हुशार असो, आमच्या ऑफिसात हे चालत नाही.

लोकांना विचारलं तर मतं वेगळीच मिळतात, आणि ती ऐकण्यासारखी आहेत. आमचे शेजारचे काका म्हणाले, "नगरसेवक नव्हते तेच बरं होतं रे. रस्ते तरी झाले." टीव्ही सेंटरच्या चहाच्या टपरीवर दोघांनी हेच सांगितलं. काकांचं पूर्ण चूक म्हणता येत नाही. समांतर जलवाहिनी आठवते ना? 2014 मध्ये शहराचा पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे गेला आणि 2016 मध्ये करार रद्द झाला. तेव्हा नगरसेवक होतेच की. आई म्हणाली, "आधी पाणी येऊ दे, हिशेब नंतर बघू." मित्राचं म्हणणं, पाणीपट्टी 2022 मध्ये 4050 वरून 2025 रुपये केली, आता कर्ज फेडायचं कशातून? मला हा प्रश्न सगळ्यात कळीचा वाटतो. पट्टी निम्मी झाली तेव्हा सगळे खूश होतो. मीपण.

मग मी टोरांटोच्या दादाला फोन लावला. माझा आत्येभाऊ, आठ वर्षांपासून तिकडे आहे. म्हटलं, दादा, तुमच्याकडे कसं असतं? तो हसला. म्हणाला, "अरे, इथेपण रडगाणंच आहे. 2024 ला आमची घरपट्टी साडेनऊ टक्क्यांनी वाढवली." आणि ऐका, दादा पीआर आहे, सिटिझन नाही, म्हणून त्याला महापालिकेलासुद्धा मत देता येत नाही. पण बजेट कमिटीसमोर जाऊन काही मिनिटं बोलता येतं. तो गेला होता, एका बसच्या रूटसाठी. "रूट वाचला का?" "नाही. पण त्यांना माझं ऐकून घ्यावं लागलं ना."

बरं, तिकडे सगळं गोड आहे असं नाही. 2018 मध्ये ऑंटारियोच्या डग फोर्ड सरकारने ऐन निवडणुकीच्या प्रचारात टोरांटोचे 47 वॉर्ड कापून 25 केले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2021 मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला, सरकारच्या बाजूने. कारण कॅनडाच्या राज्यघटनेत शहरांना स्वतःचं स्थानच नाही, ती प्रांताच्या हातात. आपल्याकडे उलट. 74 व्या घटनादुरुस्तीने कलम 243-यू आलं. त्यात स्पष्ट आहे, पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक. म्हणजे ज्यांच्या घटनेत हमी नाही, त्यांच्याकडे दर चार वर्षांनी ऑक्टोबरमध्ये मतदान होतं, यंदा 26 तारखेला आहे. आणि आपल्या घटनेत लिहिलेलं असून आपण पावणेसहा वर्षं थांबलो. हे दादाला सांगितलं तर तो गप्पच झाला. मग म्हणाला, "पण इकडे 2022 ला मतदान जेमतेम 29 टक्के झालं रे."

या मधल्या काळात प्रश्न विचारले कोणी? औरंगाबाद खंडपीठाने. पाण्याच्या जनहित याचिकेवर कोर्ट कामाचा आढावा घेत राहिलं. सभागृहात व्हायला हवी ती विचारपूस कोर्टात होत होती.

आता सभागृह आलंय. माझ्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना मी एकच मेसेज पाठवलाय. कर्जाचा हप्ता कधी सुरू होणार, किती, आणि पाणीपट्टी वाढणार का? एकाने नमस्काराचा इमोजी पाठवला. एक जण म्हणाले, माहिती घेऊन सांगतो. दोघांनी अजून बघितलेला नाही. उत्तर आलं की पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवतो, नाही आलं तरी सांगतो. तुमच्या प्रभागात हाच प्रश्न विचारा आणि काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस नोटने पाठवा.

चला, थांबतो. आज आमचा पाण्याचा दिवस आहे, आई खालून मोटर लाव म्हणून ओरडतेय.