डॉक्टरचा दाखला, हौशी वैमानिक आणि विमा

विमा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम डॉक्टरची तपासणी उभी राहते. जीभ दाखवा, दीर्घ श्वास घ्या, वडील कशानें वारले तें सांगा, आणि मग हप्ता ठरवूं, ही रीत घरोघरीं ठाऊक आहे. पण ज्याच्याजवळ डॉक्टरचा दाखला नाहीं अशा माणसानें स्वतः विमान चालवावें, आणि एखाद्या कंपनीनें त्या विमानाचा विमा उतरवावा, हें ऐकून कोणालाहि नवल वाटेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र हा व्यवहार आज राजरोस चालतो. आपल्यापैकीं पुष्कळांचे आप्तेष्ट त्या देशांत स्थायिक झालेले आहेत. त्यांतील एखाद्याला सुटीच्या दिवशीं विमान उडविण्याची हौस लागली असेल, तर त्याच्यासाठीं तरी ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम कायदा पाहूं. तेथील खासगी वैमानिकाला सामान्यतः तिसऱ्या वर्गाचें वैद्यकीय प्रमाणपत्र लागतें. चाळिशीच्या आंत तें ६० महिने चालतें, चाळिशी उलटली कीं २४ महिनेच. १ सप्टेंबर २००४ पासून तेथील सरकारनें 'स्पोर्ट पायलट' नांवाचा नवा वर्ग निर्माण केला. दोन आसनांचें हलकें विमान दिवसाउजेडीं चालविणारास डॉक्टरच्या दाखल्याऐवजीं मोटार चालविण्याचा परवाना पुरे, असें ठरलें. त्या परवान्यावर चष्म्याची अट असेल, तर ती विमानांतहि पाळावी लागते. पुढें १ मे २०१७ पासून 'बेसिकमेड' नांवाची मधली वाट निघाली. १४ जुलै २००६ नंतर केव्हांतरी ज्याच्याजवळ चालू असलेलें जुनें प्रमाणपत्र असेल, त्यानें दर ४८ महिन्यांनीं आपल्या नेहमींच्या डॉक्टरकडून तपासून घ्यावें आणि दर २४ महिन्यांनीं एक छोटा अभ्यासक्रम पुरा करावा, म्हणजे झालें. २२ ऑक्टोबर २०२५ पासून तर स्पोर्ट पायलटला चार आसनांचें विमानहि चालवितां येतें. ज्या वेगाखालीं विमान हवेंत टिकत नाहीं, तो वेग ५९ नॉटपेक्षां अधिक नसावा, ही त्यांतील एक मुख्य अट आहे. प्रवासी मात्र एकच घेतां येतो.

या सवलतींत एक विलक्षण मेख आहे. ज्यानें प्रमाणपत्रासाठीं अर्ज केला आणि ज्याचा अर्ज नामंजूर झाला, त्याला मोटारीच्या परवान्यावर उडतां येत नाहीं. ज्यानें अर्जच केला नाहीं, किंवा जुन्या प्रमाणपत्राची मुदत निमूटपणें सरूं दिली, त्याला उडतां येतें. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही आपली म्हण जणूं कायद्यानेंच मान्य केली! पण त्याच कायद्यांत दुसरेंहि एक कलम आहे. आपल्या शरीरांत उड्डाणास बाधक असा दोष आहे हें ज्याला ठाऊक आहे, किंवा ठाऊक असावयास हवें, त्यानें विमान चालवूं नये. अर्थात् मूठ झांकलेली असली, तरी तींत काय आहे हें मुठीच्या मालकानें पाहिलेंच पाहिजे.

आतां विम्याकडे वळूं. संघ सरकारचा कायदा खासगी मालकास विम्याची सक्ती करीत नाहीं. तरी कर्ज देणारी पेढी किंवा विमानघराचा मालक तो बहुधा मागतोच. या विम्याचे दोन भाग असतात. पहिला विमानाच्या नुकसानीचा आणि दुसरा इतरांच्या नुकसानीच्या भरपाईचा. दुसऱ्या भागांत दर अपघातास १० लक्ष डॉलर हा आंकडा पुष्कळदां दिसतो; परंतु त्याच्याखालीं, दर प्रवाशामागें १ लक्ष डॉलरच, अशी मर्यादा घातलेली असते. ज्याला एकच प्रवासी नेतां येतो, त्यानें हा दुसरा आंकडा आधीं वाचावा. शेजारीं बसलेल्या मित्राच्या वांट्याला दहा लक्ष येणार नाहींत, एकच येईल.

दाखल्याचा प्रश्न ठरतो तो करारांतील वैमानिकाविषयींच्या कलमांत. "त्या उड्डाणास सरकारी नियमांप्रमाणें लागणारी पात्रता वैमानिकाजवळ असावी," असे शब्द असतील, तर मोटारीचा परवाना किंवा बेसिकमेड पुरतें. परंतु "चालू वैद्यकीय प्रमाणपत्र असलेंच पाहिजे," असें लिहिलेलें असेल, तर सरकारनें दिलेली मोकळीक कंपनीनें दिलेली नाहीं. समजा, एका सदुसष्ट वर्षांच्या गृहस्थांनीं प्रमाणपत्राची मुदत सरूं दिली, कायदेशीरपणें उड्डाण केलें, आणि उतरतांना विमानाचें चाक मोडलें. पोलीस त्यांना कांहीं विचारणार नाहींत. कंपनी मात्र भरपाई नाकारूं शकेल.

"चाक मोडण्याशीं माझ्या प्रकृतीचा काय संबंध?" असें ते म्हणतील. या प्रश्नाला सर्वत्र एकच उत्तर नाहीं. टेक्सस संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं एका खटल्यांत असा निर्णय दिला कीं, विमानाची तपासणी राहून गेली असली तरी अपघात त्यामुळें झाला नसेल, तर तेवढ्यावरून कंपनीला सुटतां येणार नाहीं. इतर कित्येक संस्थानांतील न्यायालयें मात्र कराराच्या शब्दांवर बोट ठेवतात. कोणत्या न्यायालयांत जावें लागेल याच्या भरंवशावर घरदार टांगूं नये.

तेव्हां करावें काय? जुनें प्रमाणपत्र संपण्यापूर्वींच विम्याच्या दलालास लेखी कळवावें, आणि नवी पात्रता मान्य असल्याचें कंपनीकडून लेखी घ्यावें. तोंडी होकार कामास येत नाहीं. वय, एकंदर उड्डाणाचे तास, त्या जातीच्या विमानावरील तास यांचे आंकडे खरे द्यावे. वय वाढलें कीं कांहीं कंपन्या कायदा मागत नसलेली तपासणीहि मागतात, किंवा शिक्षकाबरोबर उड्डाण करावयास सांगतात. त्याचा राग मानूं नये. दुखणें विचारलें असतां लपवूं नये, कारण खोट्या उत्तरावर घेतलेला विमा गरजेच्या वेळींच ढांसळतो. आणि सरकारी अर्ज करण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरला मोकळेपणानें भेटून घ्यावें.

पूर्वीं दर दोन वर्षांनीं एक तिऱ्हाईत डॉक्टर सांगत असे कीं, हा मनुष्य उडण्यास योग्य आहे. आतां तेंच वाक्य वैमानिकानें प्रत्येक सकाळीं विमानघराचें दार उघडतांना स्वतःशीं म्हणावयाचें आहे. तें खरें आहे कीं नाहीं, हें विमा कंपनीला अपघातानंतर कळेल. शेजारच्या आसनावर पट्टा बांधून बसलेल्या मित्राला तें विचारण्याचें सुचणारहि नाहीं. म्हणून विमानांत बसण्यापूर्वींच त्या मित्राला आपली प्रकृति आणि आपल्या विम्याचा आंकडा, दोन्हीहि सांगून टाकावीं.